फणसाच्या लाकडाचं स्टूल

आमच्याकडे भुतांना तोटा नाही. पाणंदीतलं वेगळं, खाडीच्या उतारावरचं वेगळं, बंद पडलेल्या शाळेमागचं वेगळं. माझ्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. माझ्या वाट्याला आली ती एक जिवंत बाई. ती खाडीपलीकडे राहत होती, दोन वेळा चहा पीत होती, सुनेशी भांडत होती, आणि त्याच वेळी आमच्या काजूच्या फॅक्टरीत खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेलीही असायची. मी घाबरट नाही. पण त्या वर्षी त्या खिडकीकडे पाठ करून मी एकदाही उभी राहिले नाही.

फॅक्टरी म्हणजे मसुऱ्याच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणारी लांब पत्र्याची शेड. एका टोकाला बॉयलर, तिथे बी वाफवतात. मधे कापायची यंत्रं. आणि दुसऱ्या टोकाला उजेडात आमची सोलाईची टेबलं. तिथे बायका छोट्या सुरीने गरावरची साल काढतात. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी त्या टेबलाला बसले आणि केस पिकायला लागले तेव्हा सुपरवायझर झाले. ज्या दिवशी झाले त्या दिवशी माझं स्टूल उचलून दुसरीला दिलं. सुपरवायझरने फिरायचं असतं, बसायचं नसतं. त्याला आता बरीच वर्षं झाली, मी फिरतेच आहे.

टेबलाला सगळ्या वयाच्या बायका. नातवंडं खेळवणाऱ्या होत्या, पोरांच्या शाळेच्या वेळा सांभाळणाऱ्या होत्या, आणि कॉलेज संपवून गोव्याच्या नोकरीची वाट बघत ‘तोपर्यंत’ म्हणून आलेल्या मुली होत्या. म्हाताऱ्या मुलींच्या मोबाइलला नावं ठेवायच्या, मुली म्हाताऱ्यांच्या मशेरीला. मधल्या वयाच्या आम्ही दोन्हीकडून ऐकून घ्यायचो.

सगळ्यांत थोरली होती ती काकी. कुणाची सख्खी काकी नव्हे, टेबलाची काकी. खिडकीजवळची जागा तिची. तिथे फॅक्टरीचं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं तिला चालायचं नाही. नवऱ्याने हयातीत करून दिलेलं फणसाच्या लाकडाचं स्टूल तिने घरून डोक्यावरून आणलं होतं. मधे बसून बसून त्याला खळगा पडला होता. सकाळी बसली की सुरीची मूठ टेबलावर दोनदा आपटायची, टक टक, आणि मगच पहिल्या गराला हात लावायची. ती टकटक झाल्याशिवाय बाकीच्यांच्याही सुऱ्या चालायच्या नाहीत. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण चाललं होतं खरं.

खरं सांगायचं तर शेवटच्या दोन-तीन हंगामांत काकीचं काम पूर्वीचं राहिलं नव्हतं. नजर कमी झाली होती, बोटं थरथरायची, अख्खे गर फुटून पाकळ्या व्हायच्या. मी तिचा ट्रे माझ्या जबाबदारीवर पुढे सरकवत असे. तिला ते माहीत होतं, मला ते माहीत होतं, आणि त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मग धाकट्या शेठनी कारभार हातात घेतला. माणूस वाईट नाही. पुण्याला शिकलेला, शर्ट पँटमध्ये खोचून बायकांना ‘अहो’ म्हणणारा. त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा असायचा, कमिटमेंट. एकदा त्यांनी शहरातून एक मॅडम बोलावल्या. मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवली, वेगवेगळ्या वयाची माणसं एकत्र काम करतात तेव्हा संस्थेला कसा फायदा होतो ते सांगितलं, आणि मग आम्हाला वयाप्रमाणे वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवलं. मला हसू आवरेना. मॅडमनी काकीला विचारलं, “आजी, तुम्ही इतकी वर्षं इथे का टिकलात?” काकी म्हणाली, “माझो जागो हंय आसा म्हणान.” मॅडमनी ते फळ्यावर लिहून घेतलं, आणि टाळ्या झाल्या.

त्याच हंगामाच्या शेवटी नियम आला. परदेशात माल घेणारे आता बघायला येतात, त्यांच्या अटी असतात, विम्याच्या अटी असतात, म्हणून साठीच्या वरची कुणी टेबलाला नको, सोलणारी असो की सुपरवायझर. साठीच्या वरची तेव्हा काकी एकटीच. शेठनी सगळ्यांसमोर काकीला शाल दिली, नारळ दिला, चांगलं बोलले. म्हणाले, “आता आराम करा.” मी तिथल्या तिथे म्हटलं की पुढच्या हंगामापुरतं तरी राहू दे तिला, हलकं काम देऊ. माझ्या तोंडाला कुलूप नाही, त्यासाठी मी प्रसिद्ध आहे. शेठ म्हणाले, “ताई, एकीला सूट दिली की नियम राहत नाही.” बाकी टेबल खाली मान घालून सोलत राहिलं. काकीने शाल घडी करून पिशवीत टाकली. जाताना स्टुलाकडे बोट करून मला म्हणाली, “ह्या ऱ्हवांदे हंयच. परत येतलंय तेवा माका व्हया.”

पुढच्या हंगामात स्टूल तिथेच होतं. माणसं कमी पडली तरी त्यावर कुणी बसलं नाही. सकाळी झाडू मारणारी बाई त्याच्याभोवतीनं झाडायची. एकीने जुन्या लुगड्याचा पदर फाडून त्यावरची धूळ पुसली, दुसरीने जाता जाता त्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. बोलायचं मात्र कुणी नाही. खाली मान घालून बसल्या होत्या तो दिवस प्रत्येकीला आठवत होता, आणि काकीचा विषय निघाला की तोही निघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच हंगामात दोन नव्या मुली लागल्या. एक तोंडवलीची, बी.कॉम. झालेली, घरी पर्यटकांच्या खोल्या होत्या, त्यांच्या चादरी धुऊन कंटाळलेली. दुसरी खारेपाटणची, इथे मावशीकडे राहायला आलेली. दोघींच्या कानांत दिवसभर वायरी. शेठ मला म्हणाले, “या दोघी शिमग्यापर्यंत टिकल्या तरी खूप.” मलाही तसंच वाटलं. पहिल्याच दिवशी तोंडवलीची पोर त्या स्टुलावर टेकली आणि अख्खं टेबल ओरडलं, “उठ थंयसून!” पोर तीन ताड उडाली. कोणाचं आहे म्हणून तिने विचारलं. एकीने डोळे पुसले, एकीने ट्रे ओढला, एक उठून पाणी प्यायला गेली. मी तेव्हा बॉयलरपाशी होते. मला हे सगळं फार उशिरा कळलं.

आणि मग टकटक सुरू झाली.

सकाळी सगळ्या बसल्या, यंत्रं चालू व्हायची होती, तेवढ्या शांततेत खिडकीकडून आवाज यायचा. टक टक. पहिल्यांदा मला वाटलं पत्रा तापतोय. पण सकाळी पत्रा कुठला तापायला? मग वाटलं खिडकीबाहेरच्या आंब्यावर पक्षी असेल. जाऊन बघितलं, नव्हता. रोज यायचा असंही नाही, पण आला की टेबलावरच्या सगळ्या सुऱ्या एकदम चालू व्हायच्या, अगदी पूर्वीसारख्या, आणि कुणी कुणाकडे बघायचं नाही. मशेरीचा वास यायचा. टेबलावरच्या दोघी-तिघी मशेरी लावतात, त्यांचाच असणार. मी स्वतःला हे रोज समजावून सांगत होते.

शेवटी न राहवून मी काकीकडे गेले. साकव ओलांडला की तिचं घर. ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती आणि तिची बोटं चालू होती. डाव्या हाताच्या चिमटीत काही नाही, उजव्या हातात काही नाही, आणि तरी साल निघत होती, गर एका बाजूला पडत होता. सून म्हणाली, “दिवसभर असाच चलता. आमी सांगून दमलो.”

काकीने मला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “माझ्या जाग्यार कोण बसता गो?”

“कोण नाय,” मी म्हटलं.

“बरा,” ती म्हणाली, आणि बोटं पुन्हा चालू झाली.

मी बरेचदा गेले त्यानंतर. दर वेळी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. माझ्या तब्येतीची नाही, पोरांची नाही, शेठची नाही, कसलीच चौकशी नाही. परत आले की फॅक्टरीत ते स्टूल, आणि पडवीत ती बोटं. बाई जिवंत असून दोन ठिकाणी वाटली गेली होती, आणि दोन्ही ठिकाणी अर्धीच होती. मेलेल्या माणसाची भीती वाटली तर भटजी बोलावता येतो. हिच्यासाठी कुणाला बोलवायचं? मी पुन्हा एकदा शेठकडे शब्द टाकला. शेठनी पुन्हा नियम सांगितला.

पोरी मात्र शिमग्यानंतरही टिकल्या. एवढंच नाही, सकाळचा पहिला अख्खा गर दोघी त्या स्टुलावर ठेवायच्या आणि दुपारी खिडकीतून खारीला टाकायच्या. मी पाहिलं होतं. पोरखेळ वाटला, पण बरंही वाटलं, म्हणून काही बोलले नाही.

आंगणेवाडीची जत्रा झाली की आमचा हंगाम लागतो. पहिल्या दिवशी यंत्र चालू करण्याआधी शेडच्या मागे फणसाखाली गाऱ्हाणं घालतात, सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतात. जागेच्या राखणदाराला नारळ, आणि आमच्याआधी इथे राबून गेलेल्यांसाठी वाडी. वाडी म्हणजे गेलेल्या माणसांचं पान: केळीच्या पानावर भात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. ते ठेवायचं आणि मागे न बघता यायचं. पुढे कावळ्याचं काम. गाऱ्हाणं घालतात आमचे बॉयलरवाले बाबा. त्यांचा आवाज असा की अंगावर काटा यावा. पोरींचा दुसरा हंगाम लागला तेव्हाही त्यांनीच हाक घातली.

“हंय जे कोण आमच्या आदी राबले आणि गेले, तेंनी येवन आपलो घास घेवचो, आणि ह्या लेकरांका सांभाळून घेवचा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

शेठही हात जोडून उभे होते. तेवढ्यात पाठीमागून, सगळ्यांच्या नंतर, एक एकटा आवाज आला. “व्हय म्हाराजा.” मी वळून बघितलं. काकी होती. नवं लुगडं, डोक्याला कामाचा रुमाल, हातात सुरी. एकटी साकव ओलांडून आलेली.

शेठ गडबडले. “काकी, तुम्ही कशा?”

“गाऱ्हाण्याक येवक वयाची अट आसा काय?” काकी म्हणाली, आणि कुणाची वाट न बघता शेडमध्ये गेली. आम्ही सगळ्या तिच्या मागे.

आत खिडकीजवळ उदबत्ती जळत होती. फणसाच्या स्टुलासमोर टेबलावर केळीचं पान वाढलेलं होतं. भात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, बाजूला पाण्याचं भांडं, आणि कडेला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. काकीच्या जागी काकीची वाडी.

म्हाताऱ्यांनी पदर तोंडाला लावले. पानाशेजारी त्या दोन पोरी उभ्या होत्या, घरून डबा आणून आत्ताच पान वाढून झालेल्या. त्यांनी काकीला कधी पाहिलं नव्हतं. त्यांना दिसली ती एक अनोळखी म्हातारी, सरळ स्टुलाकडे जाणारी. काकी बसली, त्या खळग्यात अचूक बसली, आणि सवयीने सुरीची मूठ टेबलावर आपटली. टक टक.

खारेपाटणची पोर किंचाळली. तोंडवलीच्या पोरीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. “इली,” ती म्हणत होती, “ताई, ती इली.” जिचं पान वाढलं तीच आली असं तिला वाटलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षभर या पोरी एका मेलेल्या बाईची जागा सांभाळत होत्या. आम्ही कुणी काही सांगितलंच नव्हतं, तर त्यांनी आपल्या घरात पाहिलं होतं त्यावरून ओळखलं. रिकामी जागा, तिला लावलेला हात, विचारलं की भरून येणारे डोळे. दुसरा काय अर्थ होतो त्याचा? पहिला गर त्यासाठी होता. आज फणसाखालच्या पानात बाकीच्यांची सोय झाली, पण जिचा जीव या जागेत अडकला आहे तिला कुणी विचारत नाही, असं वाटून त्यांनी वेगळं पान आणलं होतं.

काकी पानाकडे बघत राहिली. “ह्या कोणाचा?” तिने विचारलं.

यंत्रं बंद होती. बाहेर फणसावर कावळे जमायला लागले होते, त्यांचा आवाज तेवढा.

काकीने पान जवळ ओढलं. भाताचा घास केला, सांबाऱ्यात बुडवला आणि तोंडात घातला. एका म्हातारीच्या तोंडून “गो बाय माझे!” एवढंच निघालं. वाडीच्या पानाला जिवंत माणूस तोंड लावत नाही, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोराला माहीत असतं. काकीने सगळं खाल्लं. सावकाश, वडा सांबाऱ्यात मोडून, शेवटचं शीत बोटाने टिपून. मग पाणी प्यायली आणि त्या दोन पोरींकडे बघून म्हणाली, “मीठ वायच कमी पडला गो चेडवांनू.”

शेठ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “ताई, गाडी काढतो. यांना घरी सोडून येऊ या.”

मी काही म्हणायच्या आत बॉयलरवाले बाबा पुढे आले. “शेठ, तिने वाडी खाल्ल्यान. आता तिका ह्या जाग्यार्सून आमी उठवूचा नाय. ज्येचा काम तो वरचो उठवीत.” शेठ पुण्याला शिकले असले तरी त्यांची नाळ इथेच पुरलेली. त्यांनी रिकाम्या पानाकडे बघितलं, काकीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाले, “बसू देत.”

“माका उठवतलो कोण?” काकी म्हणाली. “मेलेल्या माणसाक कोण कामावरना काढता?”

आम्ही सगळ्या हसलो. मीही पोट धरून हसले. आणि हसता हसता अंगावर सर्रकन काटा आला, कारण ती हसत नव्हती.

तेव्हापासून काकी रोज येते. तिचा ट्रे बाहेरच्या मालात जात नाही, गावच्या मिठाईवाल्याकडे जातो. त्याला पाकळ्या आणि तुकडे चालतात. मजुरी मिळते, तेवढं मी भांडून घेतलं. टकटक आता खरीच होते. पण टेबल पूर्वीसारखं नाही. म्हाताऱ्या तिच्याशी बोलतात ते दबकून, काही निरोप द्यायचा असल्यासारखं. एकीने तर नवऱ्याच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी तिला विचारलं की तिकडे त्यांना काही कमी नाही ना. काकी म्हणाली, “बरे आसत.” मी कान बंद केले.

तिच्याशी नीट बोलतात त्या दोन पोरीच. दुपारी तिघी एकत्र जेवतात. गोव्याहून बोलावणं आलं होतं तोंडवलीच्या पोरीला, चांगली नोकरी. गेली नाही. विचारलं तर म्हणते, “काकींचा पान कोण वाढतला?” शेठना हे मी सांगितलं. त्यानंतर ‘कमिटमेंट’ हा त्यांचा लाडका शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

एकदा मी काकीला एकटीला गाठून विचारलं, त्या दिवशी खाल्लंस कसं ते पान? राग नाही आला? पोरींनी जिवंतपणी मारून टाकलं तुला.

“राग खंयचो,” ती म्हणाली. “घरात माका हल्ली कोण पान वाढणा नाय. टोपातला घेतंय नि खातंय. हंय कोणी तरी वाढून वाट बघी होता.”

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

यंदा हंगाम लागला. पुढच्या वर्षी मला साठ पुरी होतात, तो नियम मलाही लागू होतो. त्याबद्दल मी कुणाला बोलले नव्हते, पण फॅक्टरीत अशी गोष्ट भिंतींनाही कळते. गाऱ्हाणं झालं, वाडी ठेवून झाली, सगळ्या आत येऊन बसल्या. मी नेहमीसारखी टेबलांमधून फिरत होते. तोंडवलीची पोर हातातली सुरी खाली ठेवून माझ्याकडे आली. चेष्टा नव्हती तिच्या चेहऱ्यावर, माया होती.

“ताई,” ती म्हणाली, “तुमचो जागो खंयचो?”

मी सगळ्या शेडभर बघितलं. बॉयलरपासून खिडकीपर्यंत. इतकी वर्षं मी या जमिनीवर चालले, एकेक फरशी मला ओळखते, आणि बोट दाखवायला एक कोपरा नाही. मी गेल्यावर कशाभोवतीनं झाडतील? हात कशाला लावतील? पोर वाट बघत उभी होती.

खिडकीकडून टक टक झाली. काकी फणसाच्या स्टुलावर एका कडेला सरकली होती आणि रिकाम्या झालेल्या अर्ध्या खळग्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

“हंय ये,” ती म्हणाली. “दोघींका पुरात.”

मी गेले नाही. ट्रे तपासायचे आहेत असं काहीतरी पुटपुटत पुढे चालायला लागले. तेव्हापासून काकी त्या स्टुलावर कडेलाच बसते.